आकडेवारीसाठी आधार? चालेल, पण किल्ली कोणाकडे?

जनगणनेचा विषय निघाला की ठाण्यात आमच्या कोलशेतच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "सगळं आधारला जोडलंय ना, मग दारोदार फिरून माणसं कशाला मोजायची?"

प्रश्न अगदीच वेडगळ नाही. डेन्मार्कने १९८१ ची जनगणना एकही दार न ठोठावता, निव्वळ सरकारी नोंदी जोडून केली. तिथे १९६८ पासून प्रत्येकाला क्रमांक आहे. पण पुढचं कोणी सांगत नाही. तिथलं सांख्यिकी कार्यालय संशोधकाला माहिती देताना खरा क्रमांक काढून त्या जागी भलताच, पण एका माणसाला सगळीकडे तोच, क्रमांक घालतं. शाळेतली ही नोंद आणि दवाखान्यातली ती नोंद एकाच माणसाची, एवढं त्याला कळतं. माणूस कोण, ते नाही.

आणि आपण? परवा गावदेवीजवळ झेरॉक्स काढायला गेलो. हिशेब मांडायला दुकानदाराने रद्दीतला कागद ओढला, तर पाठीमागे कुणाचं तरी आधार, फोटो-पत्त्यासकट. (माझी झेरॉक्स बिघडली असती तर तीही त्याच गठ्ठ्यात.)

नाव खोडलं की झालं, हाही एक गोड गैरसमज. पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढंच ठेवा. आमच्या विंगमधले नव्वदीचे आजोबा लगेच सापडतील.

माझी हरकत मोजण्याला नाही. घोडबंदरला पाणी किती लागेल, शाळा कुठे हवी, हे नीट आकड्यांवरच ठरावं. हरकत आहे ती मोजायला घेतलेली माहिती उद्या कुणाचं रेशन तोडायला वापरण्याला. १९४८ च्या जनगणना कायद्याने घराघरातल्या नोंदी गुप्त ठेवल्यात; त्या कायद्याखालचे खटले सोडले तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आकडेवारीला सूट आहे ती त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल निर्णय घेणार नसाल तरच. अट उत्तम. पण ती पाळली जाते का यावर ज्या डेटा संरक्षण मंडळाने लक्ष ठेवायचं, त्याचे सदस्य नेमणार केंद्र सरकारच, आणि आपली सगळ्यात जास्त माहितीही सरकारकडेच!

तेव्हा आधार जोडून आकडे काढायचेच असतील तर आधी क्रमांक बदला. कुठला बदललेला क्रमांक कोणाचा, याची यादी हीच खरी किल्ली; ती आकडे काढणाऱ्या खात्याकडे नको. रेशन-पेन्शनवाल्या खात्याकडे तर मुळीच नको. ती सांभाळणारी यंत्रणा सरकारपासून वेगळी हवी, आणि तिने संसदेला उत्तर द्यावं. तोवर प्रगणक दारोदार फिरताहेत तेच बरं.