ले ग्विनबाई वाचायच्या, पण कुठून?

विषय काढला पश्याने. विज्ञानकथा आणि जादूच्या कथा लिहिणारी ती अमेरिकन लेखिका, उर्सुला के. ले ग्विन, वाचायचीय म्हणाला, पण वीसच्या वर कादंबऱ्या, वर कथा, कविता, निबंध. हात कुठे घालायचा?

मास्तर म्हणाले, "क्रमाने जा. १९६६ सालचं 'रोकॅनन्स वर्ल्ड' आधी."

"अहो मास्तर, त्यात बाईंचा हात अजून बसायचा होता," ताई उसळलीच. "तलवारी, अंतराळयान, पंखवाली मांजरासारखी जनावरं, सगळं एका पातेल्यात. आणि हे पुस्तक ज्यांत येतं त्या बाईंच्या 'हेनिश' अंतराळ-कादंबऱ्यांना सलग इतिहास नाही हे बाईंनीच सांगून ठेवलंय. क्रम कसला पाळायचा?"

पश्याला खरं तर 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' घ्यायचं होतं. ह्यूगो, नेब्युला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेलं. पुस्तक थोरच आहे. पण गेथेन ग्रहावरची माणसं कायमची बाई किंवा पुरुष नसतात, एवढं ऐकून लोक ते उचलतात आणि तिथल्या कारहाइड राज्याच्या दरबारी राजकारणात दमून खाली ठेवतात. खरी मजा परग्रहाहून आलेला दूत गेन्ली आय आणि तिथलाच एस्ट्रावेन हे दोघंच स्लेज ओढत बर्फ तुडवतात तिथे आहे, आणि ते येतं उत्तरार्धात.

"मग ओमेलास या सुखी शहराची ती लघुकथा दे," मास्तर म्हणाले. "चार पानांत काम तमाम."

नको. ती आधी वाचली की बाई प्रवचनकार वाटतात.

ताईचं मत ठरलेलं: 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८, बाईंच्या जादूच्या 'अर्थसी' मालिकेचा पहिला भाग. बारीक पुस्तक, सरळ गोष्ट, शेळ्या राखणारा पोरगा गेड आणि त्याने घमेंडीत मोकळी सोडलेली सावली. "आणि गेड तांबूस-सावळा आहे बरं का! मुखपृष्ठवाले वर्षानुवर्षं त्याला गोरा रंगवत राहिले. बाई वैतागायच्या."

मी म्हटलं, त्याच मालिकेतलं 'द टूम्स ऑफ आटुआन' घे. १९७१.

"अरे, दुसऱ्या भागापासून?" ताई. "हातातल्या त्या जादूच्या कड्याचा अर्धा तुकडा गेडकडे कसा आला, ते पहिल्यात आहे!"

आहे, पण ते गेड इथे तेनारला स्वतःच सांगतो. लहानपणी घरातून उचलून पुजारीण केलेली ही मुलगी. नावसुद्धा काढून घेतलेलं. जमिनीखालचा भुलभुलैया तिला काळोखात हाताने चाचपून पाठ. तिथे एक परका चोर शिरतो, तो गेड. पहिला भाग वाचलेला असला की आपण त्याच्या बाजूचे असतो. नसला, तर त्याला काळोखात अडकवून ठेवणाऱ्या तेनारसारखेच आपणही अडतो: याला मरू द्यायचं की पाणी द्यायचं? ही ओढाताण नव्या वाचकालाच पुरती मिळते. शिवाय पुढे थेट 'तेहानू'कडे जाता येतं. तिसऱ्या भागानंतर तब्बल १८ वर्षांनी, १९९० साली आलेलं. तेनार आता शेतकऱ्याची विधवा. पहिल्या भागात बायकांच्या जादूला लोक हलकं लेखतात. इथे बाईंनी आपलंच जग बाईच्या बाजूने पुन्हा तपासलंय.

ताई गप्प झाली, पटलं मात्र नव्हतं. मास्तर बाईंच्या 'द डिस्पझेस्ड' कादंबरीवर घसरणार होते, तेवढ्यात पश्याने विचारलं, "ते बर्फाचं प्रकरण तेवढं आधी वाचून टाकू का?"

"अजिबात नाही!" मास्तर आणि ताई एकदमच ओरडले.