१८२० साली जन्मलं ते दुकान होतं

महिन्यातून एकदा तरी तो मेसेज येतोच. कधी शाळेच्या ग्रुपवर, कधी सोसायटीच्या, आणि ३१ डिसेंबर जवळ आला की सगळीकडून. मजकूर थोडक्यात असा: जॉनी वॉकर हा गरीब शेतकऱ्याचा पोरगा. बाप गेल्यावर त्याने जिद्दीने शेत विकलं, १८२० साली व्हिस्कीचा कारखाना काढला, उरल्यासुरल्या स्वस्त व्हिस्क्या एकत्र करून नवी चव शोधली, बाटली चौकोनी केली, तिच्यावर स्वतःचं चित्र छापलं, आणि आज दोनशे वर्षांनीही त्याच गावातून, त्याच घराण्याकडून माल जगभर जातो. शेवटी हात जोडलेली इमोजी आणि 'चालत राहा'. खाली एक शहाणा हटकून लिहितो, 'ब्लेंडेड म्हणजे भेसळच. खरी ती सिंगल माल्ट.' (ब्लेंडेड म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळलेली, सिंगल माल्ट म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची, एकाच भट्टीतली.) त्याच्याखाली दुसरा: 'स्कॉटलंडमध्ये बनते त्याहून जास्त तर आपल्या मुंबईत खपते.'

त्या पोराबद्दल माझ्या मनात काही आकस नाही. पण या मेसेजने मुलाचं, नातवाचं, एका आयरिश अबकारी अधिकाऱ्याचं आणि ब्रिटनच्या एका अर्थमंत्र्याचं काम एकट्या बापाच्या खात्यावर जमा केलंय. तेवढं खातं सरळ करू.

आधी शेत. जॉन वॉकरचा जन्म १८०५चा, स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला एअरशायरमध्ये, किल्मार्नक गावाजवळच्या शेतावर. वडील अलेक्झांडर १८१९ साली वारले तेव्हा जॉन १४ वर्षांचा होता. या वयात जिद्दीने शेत विकण्याचा प्रश्नच नव्हता, कायद्याने तो अज्ञान होता. शेत विकलं विश्वस्तांनी. ४१७ पौंड आले आणि त्यांनीच ते १८२० साली किल्मार्नकमधल्या एका दुकानात घातले. गर्भश्रीमंती म्हणता येणार नाही, पण फुटक्या कवडीपासून सुरुवात वगैरेही नव्हती. शेतमजुराला एवढा पैसा गाठीला बांधायला कैक वर्षं लागली असती.

आणि ते दुकान किराण्याचं होतं. त्या काळी अशा दुकानांना 'इटालियन वेअरहाऊस' म्हणत. चहा, मसाले, तेल, सुकामेवा असला परदेशी माल तिथे मिळायचा आणि त्याच्याच बाजूला मद्य. जॉन वॉकर रम विकायचा, ब्रँडी विकायचा, जिन विकायचा आणि व्हिस्कीही विकायचा. त्याच्या हयातीत दुकानाच्या उत्पन्नात व्हिस्कीचा वाटा होता सुमारे ८ टक्के. कारखाना तर त्याने कधी काढलाच नाही. १८५२च्या पुरात दुकानातला माल वाहून गेला, पुन्हा उभं राहावं लागलं, हे खरं आहे. मेसेजवाल्यांना खरी जिद्दीची गोष्ट हवी असेल तर ही होती की! पण ती नेमकी त्यांच्या हाती लागलेली नाही.

आता मुख्य मुद्दा, चव शोधल्याचा. इथे थोडं थांबायला हवं, कारण गंमत चवीत नाही, करात आहे.

त्या काळची व्हिस्की पिंपातून यायची आणि एका पिंपाची चव दुसऱ्याला लागत नसे. या आठवड्यात गिऱ्हाईक खूश, पुढच्या आठवड्यात तेच भांडायला उभं. चहाच्या डेपोत आपण 'नेहमीचं मिक्स द्या' म्हणतो तेव्हा जी अपेक्षा असते, तीच त्या वाण्याची अडचण होती. दर वेळी तेच हवं! चहाची मिश्रणं करणारा किराणावाला व्हिस्कीचीही करू लागला, यात नवल नाही. आणि हे एकट्या वॉकरला सुचलं असंही नाही. ॲबर्डीनचे शिवास बंधू किराणावाले, एडिनबर्गचा जॉर्ज बॅलंटाइन किराणावाला, पर्थचा मॅथ्यू ग्लोगही किराणावालाच. आज ज्यांची नावं आपण जरा दबक्या आदराने घेतो, त्यातली निम्मी वाण्यांची आहेत.

पण दुकानाच्या मागच्या खोलीत दोन पिंपं मिसळणं वेगळं आणि त्याचा मोठा धंदा करणं वेगळं. १८६०पर्यंत माल्ट व्हिस्की (मोड आणलेल्या बार्लीची) आणि धान्याची व्हिस्की (मका, गहू वगैरेंची) मिसळायची तर आधी दोन्हींवरचा अबकारी कर भरावा लागे. मुरायला ठेवलेल्या मालावर आगाऊ कर म्हणजे भांडवल अडकून पडणार. ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६०चा कायदा झाला आणि सरकारी कुलपातल्या बॉन्डेड गोदामात, कर भरण्याआधीच, ही मिश्रणं करायला परवानगी मिळाली. आज ज्याला आपण ब्लेंडेड स्कॉच म्हणतो त्या धंद्याचा दरवाजा तेव्हा उघडला.

जॉन वॉकर वारला १८५७ साली. दरवाजा उघडण्याच्या तीन वर्षं आधी.

आत शिरला तो त्याचा मुलगा अलेक्झांडर. आजोबांचंच नाव, म्हणून मेसेजमध्ये त्याचा पत्ता नाही की काय कोण जाणे. किल्मार्नकला १८४३पासून रेल्वे होती, ग्लासगोचं बंदर जवळ होतं. अलेक्झांडरने जहाजांच्या कप्तानांनाच आपले आडते केलं. जिथे जहाज जाईल तिथे व्हिस्की जाईल. 'ओल्ड हायलँड' नावाचं मिश्रण त्याने बाजारात आणलं आणि १८६७ साली त्याचं लेबल रीतसर नोंदवलं. चौकोनी बाटली त्याची. पेटीत जास्त बसतात, जहाजात गडगडून फुटत कमी. लेबल तिरकं, २४ अंशांत, तीही त्याच्याच काळातली युक्ती, कारण तिरक्या पट्टीवर अक्षरं मोठी काढता येतात. १८८० साली लंडनमध्ये कचेरी उघडली. १८८९ साली तो गेला, आणि मुलांच्या हाती धंदा आला तेव्हा उत्पन्नातला व्हिस्कीचा वाटा ९० टक्क्यांच्या वर होता. बापाचे ८, मुलाचे ९०. व्हिस्कीवाला वॉकर कोण ते यावरून ज्याने त्याने ठरवावं.

चित्राचा मुद्दा दोन ओळींत संपतो. उंच टोपी, लाल कोट, एका डोळ्याची काच, गुडघ्यापर्यंत बूट घालून टांगा टाकत निघालेला तो बाब्या १९०८ साली टॉम ब्राउन या व्यंगचित्रकाराने काढला. जॉन वॉकरला जाऊन तेव्हा ५१ वर्षं झाली होती. काउंटरमागे चहा जोखणारा गावातला वाणी असल्या थाटात उभा राहता तर गिऱ्हाइकांनीच त्याची टर उडवली असती. 'जन्म १८२०, अजूनही ठणठणीत' ही ओळही त्याच सुमाराची. त्यातलं १८२० हे दुकानाचं जन्मसाल, माणसाचं नव्हे. हा घोळ मेसेजवाल्यांनी घातलेला नाही. जाहिरातवाल्यांनी घातला आणि तो शंभर वर्षांवर चालला, याला मात्र दाद द्यायला हवी.

आता ते 'ब्लेंडेड म्हणजे भेसळ'. असं म्हणणारा एकटा नाही. हे भांडण ब्रिटनमध्ये कोर्टापर्यंत गेलेलं आहे.

झालं असं की १८३० साली इनीअस कॉफी या आयरिश माणसाने सतत चालणाऱ्या, उंच स्तंभांच्या भट्टीचं पेटंट घेतलं. हा आधी अबकारी खात्यात मोठा अधिकारी होता. सगळी नोकरी हातभट्ट्या पकडण्यात घालवली आणि नाव झालं ते नवी भट्टी काढल्यामुळे. तांब्याच्या जुन्या भांड्यात फक्त मोड आणलेल्या बार्लीची, म्हणजे माल्टची, व्हिस्की थोडी थोडी निघायची. कॉफीच्या भट्टीत मका, गहू अशा धान्याची हलकी व्हिस्की सलग आणि स्वस्तात निघू लागली. ब्लेंड म्हणजे या दोघींची जोडी. माल्टवाले साहजिकच चिडले. त्यांच्या मते दुसरी ती व्हिस्कीच नव्हे.

१९०५-०६ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागात अशी मिश्रणं व्हिस्की म्हणून विकणाऱ्यांवर खटले झाले आणि दंडाधिकाऱ्याने विक्रेत्यांविरुद्ध निकाल दिला. अपिलात काही धड लागेना. शेवटी १९०८ साली सरकारने 'व्हिस्की म्हणजे काय' हे ठरवायला रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसवलं. (तो टोपीवाला कागदावर उतरला त्याच वर्षी.) १९०९ साली कमिशनने सांगितलं की धान्याचीही व्हिस्कीच आणि मिश्रणही व्हिस्कीच. त्याच वर्षी वॉकर मंडळींनी आपल्या लांबलचक नावांना कात्री लावून रेड लेबल आणि ब्लॅक लेबल ही नावं घेतली. गिऱ्हाईक तसंही रंगावरूनच मागत होतं.

म्हणजे ज्याला भेसळ म्हणतात त्याच्यावर १९०९ सालीच निवाडा झालाय. आजच्या नियमांनुसार ब्लेंडेड स्कॉचमधली प्रत्येक व्हिस्की स्कॉटलंडमध्येच काढलेली, ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी. पाणी आणि रंगासाठी साधं कॅरमेल, याखेरीज काहीही घालता येत नाही. लेबलवर १२ वर्षं लिहिलं असेल तर त्यातली सगळ्यात तरुण व्हिस्की १२ वर्षांची. सरासरी नव्हे.

आपल्याकडे हा गैरसमज घट्ट का बसला, याचं कारण मला आपल्याच शिवारात दिसतं. भारतात वर्षानुवर्षं 'व्हिस्की' म्हणून जे विकलं गेलं त्यातलं बरंचसं साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर उभं होतं, वरून थोडं माल्ट. महाराष्ट्राला मळी म्हणजे काय ते सांगायला नको. तेव्हा 'मिश्रण' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ते येतं. पण स्कॉचमधली धान्याची व्हिस्की धान्याचीच असते, आणि तीही पिंपात मुरवावी लागते.

आणि 'खरी ती सिंगल माल्ट' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट राखून ठेवलीय. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात कार्डू नावाची भट्टी आहे, पूर्वी तिला कार्डो म्हणत. जॉन आणि हेलन कमिंग या शेतकरी जोडप्याने ती आधी चोरून चालवली, १८२४ साली परवाना घेतला. अबकारीवाले गावात आले की हेलनबाई त्यांना आपल्याच घरी जेवायला बसवायच्या आणि कोठारामागे लाल निशाण चढवायच्या, म्हणजे आजूबाजूच्या हातभट्टीवाल्यांना सावध व्हायला वेळ मिळे. पुढे त्यांची सून एलिझाबेथ हिने भट्टी नव्याने बांधली आणि जुनी सामग्री विल्यम ग्रँट नावाच्या होतकरू माणसाला विकली. त्या जुन्या भांड्यांवर त्याने ग्लेनफिडिक सुरू केली. सिंगल माल्ट म्हटलं की आपल्याकडे पहिलं तोंडात येतं तेच नाव. नवी कार्डू मात्र १८९३ साली विकत घेतली वॉकर मंडळींनी, आपल्या ब्लेंडला माल्टची खात्रीची सोय हवी म्हणून. तेव्हा सोवळं-ओवळं पाळायचंच असेल तर भांडी एकाच घरची आहेत, एवढं लक्षात असू द्यावं. वॉकरच्या कारखान्याची गोष्ट सुरू होते ती इथे, जॉन गेल्यावर ३६ वर्षांनी.

जाता जाता: आखातातून येताना कुण्या काकांनी ड्यूटी-फ्रीमधून आणलेली, शोकेसमध्ये 'मुरत' ठेवलेली बाटली. ती मुरत नाहीये. व्हिस्की मुरते पिंपात. काचेत गेली की तिचं वय तिथेच थांबतं. १९८५ची १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच. उघडा.

मुंबईचा हिशोब. २०२२ साली स्कॉटलंडमधून सुमारे १६७ कोटी बाटल्यांइतकी स्कॉच निर्यात झाली. त्यातली भारतात आली सुमारे २१.९ कोटी, म्हणजे शंभरातल्या १३. बाटल्यांच्या मोजणीत त्या वर्षी भारताने फ्रान्सला मागे टाकून पहिला नंबर घेतला, हे खरं. पण अख्खा देश मिळून १३ टक्के, तर मुंबई बनते त्याहून जास्त कुठून पिणार? शिवाय आलेल्या मालातला मोठा भाग पिंपांतून, सुटा येतो. काही इथेच बाटलीत भरला जातो, काही देशी व्हिस्कीत मिसळला जातो. नकली माल नाही असं कोण म्हणेल! रिकाम्या बाटलीला भंगारवाला जादा पैसे का देतो, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्यासाठी पाढे बदलायची गरज नाही.

राहिलं ते 'त्याच गावातून, त्याच घराण्याकडून'. वॉकर कंपनी १९२५ सालीच डिस्टिलर्स कंपनी या बड्या समूहात गेली. तो समूह १९८६ साली गिनेस या बिअर कंपनीने घेतला, आणि १९९७ साली गिनेस आणि ग्रँड मेट्रोपॉलिटन या दोन कंपन्या एकत्र येऊन डियाजिओ ही मद्यकंपनी झाली. 'चालत राहा' ही मोहीम १९९९ची, म्हणजे डियाजिओची. तिचाही वाण्याच्या पोराशी संबंध नाही. २००९च्या उन्हाळ्यात याच कंपनीने किल्मार्नकमधला बाटल्या भरण्याचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. सुमारे ७०० जणांच्या नोकऱ्या होत्या. हजारो लोक गावातून मोर्चाने चालले. कारखाना मार्च २०१२मध्ये बंद झाला. हिल स्ट्रीटवरच्या त्या आवारात आता कॉलेज आहे. १८२०ची गोष्ट पर्यटकांना सांगायला कंपनीने २०२१ साली मोठं दालन उघडलं, ते एडिनबर्गला.