पीप असला तरी अँकर लागतोच

‘कंपाउंडला पीप असतो, मग अँकर कुठेही चालतो’ असा संदेश फोंडा-म्हापशाकडच्या तिरंदाजांत फिरतोय. (कंपाउंड म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, पीप म्हणजे त्याच्या दोरीत बसवलेली, आरपार बघायची बारीक कडी, आणि अँकर म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकवायची ठरलेली जागा.) चूक आहे. मान पुढे काढून डोळा पीपला लावलात, तर स्कोपचं (धनुष्यावरच्या नेमाच्या भिंगाचं) कडं गोल दिसेलही. पण गालाचा दोरीवरचा दाब बदलतो आणि बाण डावी-उजवीकडे भटकतो. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटीमीटरचं!

रिलीज (दोरी सोडायचं साधन) धरलेल्या हाताची हाडं जबड्याच्या हाडाला टेकवा, दोरी नाकाच्या शेंड्याला हलकीच लागू दे. आपल्या दमट हवेत घामट गालाच्या मांसावर भरवसा नको. लक्ष्याजवळ उभं राहून, बाण लावून, डोळे मिटून ओढा. अँकर बसला की उघडा. पीप समोर नसेल तर पीप सरकवून घ्यायचा, मान नव्हे. त्याला बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागतो, घरची पक्कड नको.