रक्त येत नाही म्हणून हिरड्या चांगल्या?

आमचा थोरला दादा 30 वर्षं सिगारेट ओढत होता. गंगावेशीतली टपरी, चहा आणि सिगारेट, यात कधी खंड नाही. ब्रश करताना वहिनीच्या हिरडीतून रक्त आलं की म्हणायचा, "माझं बघ, थेंबभर रगत न्हाई." आम्हालाही ते पटायचं.

दोन महिन्यांपूर्वी रविवारी सुकं मटण खाताना त्याचा खालचा दात हलला.

डेंटिस्टनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घातली. निरोगी हिरडीत ती 3 मिलिमीटरपर्यंत जाते. दादाची 7 गेली. हिरडी फिकट, सूज नाही, रक्त नाही, आणि आत हाड झिजलेलं! एक्स-रे बघून वहिनी मटकन खालीच बसली.

निकोटीनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून लाली दिसत नाही, रक्त येत नाही. आजार जोरात असतो, फक्त तो ओरडत नाही. दातावरचा चिकट थर, ज्याला प्लाक म्हणतात, ती जिवाणूंची दाट वस्तीच असते. ब्रश केल्यावर काही तासांत ती पुन्हा बसायला लागते. एरवी आधी निरुपद्रवी जिवाणू जागा धरतात. सिगारेट ओढणाऱ्याच्या तोंडात मात्र प्राणवायू नको असलेले, हिरडी पोखरणारे जिवाणू लवकर घुसतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही ढिल्या पडलेल्या असतात. (आजी मशेरी लावायची, दात घट्ट राहतात म्हणून. तिचे दात साठीच्या आत गेले.)

हे सगळं झाल्यावर भाचा दुबईहून तंबाखू तापवायचं यंत्र घेऊन आला. "मामा, ह्यात जळत न्हाई, नुसतं तापतंय." खरंय, सिगारेटचं टोक 800 अंशांच्या वर जातं, हे साधारण 350 पर्यंत. काही विषारी द्रव्यं कमी होतात, मान्य. पण निकोटीन तेच, म्हणजे हिरडीचं रक्त आटवणारं कारण तसंच राहिलं. शिवाय 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटसोबत ही यंत्रंही आपल्याकडे विकायला आणि आयात करायला बंदी आहे. मी ते दादाच्या हातात पडू दिलं नाही, भाचा रुसला तरी चालेल.

दादानं सिगारेट सोडली. तिसऱ्या आठवड्यात बेसिनमध्ये रक्त बघून घाबरला आणि म्हणाला, "सोडली आणि बिघडलं!" मी लगेच डेंटिस्टना फोन लावला. ते म्हणाले, हिरडीत रक्त पुन्हा खेळायला लागलंय, असं होतं, सफाईला घेऊन या. उद्या सकाळी 10 ला मी त्याला घेऊन चाललेय.