पाटीवरचं एक नाव

'पगारी नोकर' हे दोन शब्द आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाहीत.

गुहागरकडच्या आमच्या गावात शाळेच्या फाटकाशी, युद्धात गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांची पाटी बसायची आहे. ग्रामस्थ मंडळाच्या मुंबईच्या बैठकीत माझ्या चुलत आजोबांच्या नावाला एकाने हरकत घेतली. आजोबा रॉयल इंडियन नेव्हीत होते. 1942 साली समुद्रात गेले, वय 19. "इंग्रजांचा पगारी नोकर तो, त्याचं नाव कशाला?" बाकीचे गप्प बसले म्हणे.

कोकणात कुठल्या घरात पगारी नोकर नव्हता? घरचं भात वर्षभर कुणाला पुरायचं? पुढचं सगळं मनीऑर्डरवर. कुणी गिरणीत, कुणी आगबोटीवर, कुणी आरमारात. याच नेव्हीतली पोरं 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत 'तलवार' तळावर निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांविरुद्ध उठली. कुलाब्याला त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण हार घालतो. पगार त्यांनाही त्याच सरकारचा होता. आजोबा चार वर्षं आधी मेले, एवढाच त्यांचा गुन्हा!

मी इंग्लंडात पोर्ट्समथला राहतो. साउथसीच्या मैदानावर नौदलाच्या स्तंभाशी 24 हजारांच्या वर नावं आहेत. कोण कशासाठी भरती झाला, हे तिथे कुणी विचारत नाही. गेली 17 वर्षं नोव्हेंबरात कोटाला पॉपी, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं लाल फूल, लावून मी त्या थंडीत उभा राहतो. भावाला फोनवर हे सगळं ऐकवलं, जरा चढ्या आवाजातच. तो म्हणाला, "दादा, तिथे आपल्या आजोबांचं नाव आहे का?"

नाही. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा आपल्या खलाशांच्या नावांचं पुस्तक मुंबईत आहे, मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये. त्याची दुसरी प्रत चितगावला. कॉलेजची चार वर्षं मी हार्बरने रोज मशीदवरून गेलो. एकदाही उतरलो नाही.

पणजी नारळी पौर्णिमेला दोन नारळ सोडायची. एक दर्याला, एक त्याला. ती गेल्यावर दुसरा नारळ बंद झाला. तो मीही कधी सोडला नाही.

आणि पगार तर मीही इंग्रजांचाच घेतो. मला गावात कुणी नोकर म्हणत नाही. देवळाच्या छपराला पैसे पाठवले म्हणून सभामंडपात माझं नाव आहे. या पाटीच्या तळाशीही देणगीदार म्हणून ते कोरायचं ठरलंय. ते कोरू नका, असं मी मंडळाला कळवलंय. तेवढ्या जागेत आजोबांचं नाव बसतं.