नीलकंठाचं साल

भाऊबीजेला मेव्हण्याने ओवाळणीत बटाटे घातले. दोन किलो. जालंधरहून खास आणलेले. हिचा चेहरा पडला. माझा मात्र उजळला, कारण बटाटे जांभळे होते, पिकल्या जांभळाहून गडद. ‘कुफरी नीलकंठ’, मेव्हणा म्हणाला. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं वाण. कुफरी हे शिमल्याजवळचं गाव, आणि संस्थेच्या सगळ्या लेकरांना तेच आडनाव : कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी सिंदुरी. नीलकंठ उत्तरेतल्या मैदानांसाठी काढलेला. मी तो कोथरूडच्या गच्चीवर लावायचं ठरवलं.

आईने एक उचलून उलटासुलटा केला. “कोनफळ का रे?”

“बटाटा आहे, आई.”

“मग वांग्यासारखा का दिसतोय? मला चतुर्थीला नाही हं चालायचा.”

आता गप्प बसायला हवं होतं. पण मी सांगत बसलो, की बटाटा मुळातच दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पोर्तुगिजांबरोबर इकडे आला, ‘बटाटा’ हे नावसुद्धा त्यांचंच. तरी तो उपासाला चालतो, मग रंगाचं काय एवढं? आणि वर, वांगं आणि बटाटा तर एकाच कुळातले! हे शेवटचं वाक्य भोवलं. पुढच्या दोन चतुर्थ्या आईने पांढरा बटाटाही वर्ज्य केला आणि घरादाराला नुसत्या वरीच्या तांदळावर ठेवलं.

लावणी मात्र शास्त्रशुद्ध झाली. न कापता अख्खेच कंद, डोळे वर करून, तांदळाच्या रिकाम्या गोण्या, रोप वर आलं की मातीची भर. कंद उघडा पडला तर ऊन लागून हिरवा होतो आणि विषारी बनतो. नाव नीलकंठ असलं म्हणून विषाची परीक्षा घ्यायची नव्हती.

टोमॅटो लावणाऱ्याचं बरं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता तरी येतं. मी तीन महिने लोकांना गच्चीवर नेऊन पाला दाखवत होतो. “खाली जांभळं आहे,” असं सांगितलं की ते माझ्याकडे बघत आणि चहा न घेताच निघत. त्यात बटाटा पोसायला रात्री थंड लागतात. सगळं पुणं स्वेटर घालून कुडकुडत असताना मी एकटा गच्चीवर थर्मामीटर घेऊन “अजून जरा उतर” म्हणून विनवत असे. ढग आले की मला झोप नाही.

फेब्रुवारीत गोण्या उलट्या केल्या. शेतात म्हणे बेण्याच्या दहापट येतो. मला आला तीन किलो सातशे ग्रॅम, शिवाय काही घुशीने आधीच पळवलेले. पण रंग! धुऊन ताटात मांडले तेव्हा मी दहा मिनिटं नुसता बघत उभा होतो. रविवारी व्याही जेवायला येणार होते. हिला म्हटलं, “पुरीबरोबर भाजी याचीच कर. मी काही बोलणार नाही, ताटातच कळू दे.”

रविवारी पानं मांडली. वाढली गेली ती हळद-मोहरीची, मिरची-कोथिंबीर घातलेली, पिवळीधमक भाजी.

मी स्वयंपाकघरात धावलो. “अगं, जांभळा कुठाय?”

“अहो, कुकरमधून काढले, सोलले, आत नेहमीसारखेच निघाले. सालासकट कोण करतं भाजी?”

नीलकंठ फक्त सालापुरता जांभळा असतो, आत फिकट पिवळा. मेव्हण्याने सांगितलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे मीही कधी विचारलं नव्हतं.

बाहेरून व्याही म्हणाले, “भाजी फक्कड! मंचरचा बटाटा का?”

मी ओट्याखालची बादली उघडली. सालं वरच होती, तशीच गडद. नळाखाली धुतली, चांगल्या बशीत मांडली आणि पानांच्या मधोमध नेऊन ठेवली. कोणी काही बोलेना. शेवटी व्याह्यांनी एक उचललं, वास घेतला आणि म्हणाले, “तळलेली नाहीत वाटतं?”