प्रतिसाद नाही की पगार नाही?

'कुटुंब समुपदेशन केंद्रांना प्रतिसाद नाही, म्हणून निधी कमी' हे लेखातलं वाक्य खटकलं. आमच्या बीडकडे दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा अख्खा 'कोयता', म्हणजे ऊसतोडीची जोडी, साखर कारखान्यावर जातो, तो उन्हाळ्यातच परततो. भांडणं होतात उसाच्या फडात, केंद्र तालुक्याला, तेही अकरा ते पाच. प्रतिसाद कुठून येणार?

माझ्या भाचीचं प्रकरण दोन बैठकांत बरंच निवळलं होतं. तिसऱ्या तारखेला गेलो तर समुपदेशक बाई काम सोडून गेलेल्या. मानधन कित्येक महिने थकलेलं, त्या तरी काय करणार! 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 14 समुपदेशनाचंच आहे. पण ते करणाऱ्या माणसाचा पगार वेळेवर द्या, हे आमदारांना कोण विचारतंय? रस्त्यासाठी तरी लोक अडवतात त्यांना.